रोहण्यातला ई-रीडर आणि पुढचे पुस्तक

ई-रीडर हे फक्त वाचण्यासाठी बनवलेले यंत्र आहे. त्याचा पडदा मोबाइलसारखा मागून उजळत नाही. पडद्याच्या पातळ थरात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. कुप्यांतल्या द्रवात पांढरे कण धन विद्युत्‌भाराचे आणि काळे कण ऋण भाराचे असतात. विजेचा हलका स्पर्श झाला की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्या रंगाचे खाली जातात आणि अक्षर उमटते. एकदा उमटलेले पान टिकवायला वीज लागत नाही, ती लागते पान उलटताना. त्यामुळे एकदा चार्ज केलेले यंत्र कित्येक दिवस चालते आणि भर उन्हात कागदाइतके स्पष्ट दिसते. हे तंत्र अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमधून निघालेल्या आणि १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ई इंक या कंपनीचे. ते वापरणारा सोनीचा ई-रीडर २००४ साली जपानमध्ये आला, ॲमेझॉनचे किंडल २००७ साली अमेरिकेत आणि २०१२ साली भारतात. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकांना रीतसर जागा मिळाली ती डिसेंबर २०१६ मध्ये.

रोहणा हे वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातले, पुलगाव–आर्वी मार्गावरचे गाव. भोवताली कापूस, सोयाबीन आणि तुरीची शेती. शालेय पुस्तके आणि वह्या जवळ मिळतात, पण मनातले एखादे मराठी पुस्तक चाळून घ्यायचे तर वर्धा, अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वर्ध्यात दोनदा भरले. १९६९ साली पु. शि. रेगे अध्यक्ष होते, तर फेब्रुवारी २०२३ मध्ये न्या. नरेंद्र चपळगावकर. अशा वेळी ग्रंथप्रदर्शन जिल्ह्यातच येते, पण दोन संमेलनांत चौपन्न वर्षे गेली. म्हणून अशा गावात ई-रीडर आला की तो दुकान आणि ग्रंथालय या दोन्हींची उणीव भरून काढील, अशी अपेक्षा त्याच्यासोबतच घरात येते. ती काही प्रमाणात पुरी होते. किती, ते मात्र पहिले पुस्तक संपून दुसरे निवडायची वेळ आल्यावरच कळते.

इंग्रजी वाचकापुढे हा प्रश्न आवडीचा असतो. मराठी वाचकाला आवडीच्या आधी फाइलचा विचार करावा लागतो. मराठी ई-पुस्तके साधारण तीन रूपांत हाती येतात. पहिले रूप युनिकोड मजकुराचे. यात अक्षर लहानमोठे करता येते, ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप जुळतात, शब्द शोधता येतो. दुसरे रूप छापखान्यातून आलेल्या पीडीएफचे. त्यात पुस्तकाचे पान जसेच्या तसे असते आणि डेमी आकाराचे ते पान सहा इंची पडद्यावर आले की अक्षर मुंगीएवढे होते. मोठे करावे तर प्रत्येक ओळीसाठी पान डावीकडून उजवीकडे सरकवत बसावे लागते. तिसरे रूप जुन्या पुस्तकांच्या स्कॅनचे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात स्कॅन झालेली हजारो भारतीय पुस्तके आज इंटरनेट अर्काइव्हवर आहेत आणि त्यांत मराठीही भरपूर आहेत. तिथे जी ग्रंथसंपदा सापडते ती पाहून हरखून जायला होते. पण ई-रीडरच्या दृष्टीने ती पानांची छायाचित्रे आहेत. पिवळसर कागद करडा दिसतो, शाई फिकट पडते, आणि संध्याकाळी दमून बसलेल्या माणसाचे डोळे दहा पानांत हार मानतात.

फाइल एका रूपातून दुसऱ्या रूपात नेण्याची साधने आहेत. कॅलिबर हा कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरने २००६ पासून घडवलेला मुक्त प्रोग्राम त्यांत सर्वांत उपयोगी. इंग्रजी पीडीएफ त्यातून बऱ्यापैकी निघते. मराठी पीडीएफ मात्र बऱ्याचदा फसते, कारण मराठी प्रकाशन व्यवहाराने दीर्घकाळ श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारखे युनिकोडपूर्व फाँट वापरले. देवनागरी १९९१ मधल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत होती, तरी पुस्तके जुळवली जात राहिली जुन्याच पद्धतीने. अशा फाइलमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत साठवलेले चिन्ह एखादे इंग्रजी अक्षर असते. रूपांतर केले की पानभर अर्थहीन चिन्हे उरतात. छायाचित्रावरून अक्षर ओळखणारे प्रोग्राम मराठी वाचतात आणि ते वर्षागणिक सुधारतही आहेत. तरी जुन्या छपाईत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ब’ आणि ‘व’ यांची अदलाबदल होते. ‘धन’ आणि ‘घन’ यांतला फरक संदर्भाने लावता येतो, पण पानात अशा वीस जागा आल्या की वाचन संपते आणि मुद्रितशोधन सुरू होते.

म्हणून पुढचे पुस्तक ठरवण्याआधी त्याची पाचसात पाने ई-रीडरवर उघडून पाहणे हे या कामातले पहिले पाऊल. पहिली वेलांटी आपल्या अक्षराला चिकटली आहे की एक घर पुढे सरकली आहे, ‘ऱ्या’ मधला अर्धा र नीट उमटतो की तुटतो, जोडाक्षरे एकसंध आहेत की पाय मोडलेली, एवढे पाहिले की पुस्तकाचे भवितव्य कळते. कधी दोष फाइलचा नसतो, यंत्रातल्या फाँटचा असतो. तो बदलून पाहावा. अक्षराचा आकारही इंग्रजीपेक्षा एक-दोन पायऱ्या मोठा ठेवावा लागतो, कारण देवनागरीत रेघेच्या वर आणि अक्षराच्या खाली मात्रा-उकारांना जागा लागते. ओळींमधले अंतर वाढवले तर रफार वरच्या ओळीतल्या उकाराला भिडत नाही. पानात मजकूर कमी मावतो, पाने वाढतात. त्याने काही बिघडत नाही.

या कसोटीत सर्वांत चांगले उतरते ते माणसांनी बसून तपासलेले साहित्य. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक मूळ पानाचे छायाचित्र एका बाजूला आणि टंकलेला मजकूर दुसऱ्या बाजूला ठेवून ओळ न्‌ ओळ पडताळतात. तपासून झालेले पुस्तक ई-पब रूपात उतरवून घेता येते, आणि २०२२ पासून किंडलवरही ई-पब पाठवता येते. हे काम करणाऱ्यांचा नामोल्लेख कुठल्या मुखपृष्ठावर होत नाही. ग्रामीण वाचकावर त्यांचे ऋण मोठे आहे.

रोहण्यातल्या वाचकाला विकिस्रोत आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांची काही पुस्तके तिथे मुक्त परवान्याखाली आहेत. जोशी २०१५ साली वारले, म्हणजे नेहमीच्या हिशेबाने त्यांचे लेखन २०७५ अखेरपर्यंत बंधनात राहिले असते. हक्कदारांनी संमती दिली म्हणून ते आजच वाचता येते. कापसाच्या भावाचा प्रश्न ज्या जिल्ह्यात दर हंगामात उभा राहतो, तिथे शेतमालाच्या भावाचे अर्थशास्त्र सोप्या मराठीत मांडणारे हे लेखन पुढचे पुस्तक म्हणून फार आधी यायला हवे. पटो वा न पटो, वाचायला हवे.

नेहमीचा हिशेब असा. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे लेखनाधिकार राहतो आणि मग साहित्य सर्वांचे होते. दरवर्षी १ जानेवारीला काही लेखक या अर्थाने मोकळे होतात. जोतीराव फुले, हरि नारायण आपटे, राम गणेश गडकरी, लक्ष्मीबाई टिळक, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे केव्हाच मोकळे झाले. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचे लेखन २०११ पासून खुले आहे. बाळ सीताराम मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांचे २०१७ पासून. उलट, शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, त्यामुळे त्यांची ‘ग्रामगीता’ २०२८ संपेपर्यंत हक्काखाली आहे. विनोबा १९८२ साली पवनारला गेले, त्यांची ‘गीताई’ २०४२ संपेपर्यंत. या दोन पुस्तकांची छापील प्रत मात्र वर्धा–अमरावती भागात सहज मिळते आणि ती स्वस्तही असते. ती विकत घेणे हाच सरळ मार्ग आहे.

या नियमात एक खाच आहे. लेखक मोकळा झाला तरी त्याचा अनुवादक किंवा संपादक मोकळा झालेला असेलच असे नाही. गांधीजी १९४८ साली गेले आणि त्यांचे मूळ लेखन खुले आहे, पण एखाद्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असू शकतो. महानुभाव वाङ्मयाचेही तसेच. वर्धा नदीपलीकडच्या रिद्धपूरशी ज्याचे नाते आहे ते ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकातले, अर्थातच कुणा एकाच्या मालकीचे नाही. पण वि. भि. कोलते यांनी परिश्रमाने सिद्ध केलेल्या संपादनाची गोष्ट वेगळी. कोलते १९९८ साली वारले. फुकट मिळाले म्हणजे खुले आहे असे नव्हे. व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या, हयात लेखकांच्या पीडीएफ ई-रीडरवर टाकणे हे मराठीत लिहिणाऱ्याच्या तुटपुंज्या मिळकतीवर घाला घालणे आहे.

विकत घ्यायच्या ई-पुस्तकांची अडचण वेगळी. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके आहेत, पण मोठ्या प्रकाशकांच्या यादीतले बरेच काही तिथे नाही. बुकगंगासारख्या मराठी दुकानात निवड मोठी आहे, मात्र तिथली ई-पुस्तके त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये, म्हणजे मोबाइल किंवा टॅब्लेटवर उघडतात. ज्या डोळ्यांना मोबाइलपासून सोडवण्यासाठी ई-रीडर घेतला ते पुन्हा मोबाइलकडे जातात. शिवाय विकत घेतलेल्या ई-पुस्तकावर पूर्ण मालकी मिळत नाही, वाचण्याची परवानगी मिळते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेलची ‘१९८४’ ही कादंबरी, हक्काचा घोळ निघाल्यावर, लोकांच्या किंडलवरून दुरूनच काढून घेतली होती. पुढे कंपनीने त्याबद्दल माफी मागितली. फेब्रुवारी २०२५ मध्ये विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने किंडलवर नेण्याची सोय बंद झाली. गावात पुस्तक एका घरातून दुसऱ्या घरात जाते, वाचून परत येते किंवा येतही नाही. ई-पुस्तकाला हा प्रवास बंद आहे. म्हणून जे पुस्तक शेजारी, मास्तर, भाचा असे चौघे वाचणार ते छापील घ्यावे आणि जे एकट्याने वाचायचे ते ई-रीडरवर, अशी विभागणी व्यवहारात टिकते.

वर्ध्यातच एक मोठा साठा आहे आणि तो जिल्ह्यातल्याच पुष्कळांना माहीत नाही. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने ‘हिंदी समय’ या संकेतस्थळावर हिंदी साहित्य युनिकोडमध्ये खुले ठेवले आहे. विदर्भातला वाचक हिंदी अडखळत वाचत नाही. सिनेमा, बाजार आणि नागपूर यांनी ती त्याच्या कानात घातलेली आहे. प्रेमचंद १९३६ साली गेले, त्याच वर्षी ‘गोदान’ प्रसिद्ध झाले होते. कर्ज, गाय आणि शेत यांच्यात पिचलेल्या होरीची गोष्ट कापूसपट्ट्यातल्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. मराठीत त्याच्या जोडीला फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ ठेवावा. तो १८८३ सालचा आहे. सावकार, कोर्टकचेरी आणि कारकून यांच्या कचाट्यातल्या शेतकऱ्याचे त्यातले वर्णन वाचताना तारीख विसरायला होते. विदर्भाच्याच बुलढाण्यातल्या ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ सालची. पुस्तिका छोटी आहे, भाषा धारदार आहे आणि बोलल्यासारखी आहे. घरातल्या बाईने ई-रीडर हातात घेतला तर तिचे पहिले पुस्तक हे असावे असे ठामपणे म्हणता येते.

पुस्तक चांगले असणे आणि ते आत्ता वाचून होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतीच्या गावात वाचनाचा वेळ कामाने ठरतो, आणि कामाचा ताल ऋतूगणिक बदलतो. मे महिन्यात वखरणी सकाळी उरकते. दुपारी बारा ते चार बाहेर पडवत नाही. हे लांब कादंबरीचे दिवस. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ सारखी शेकडो पानांची कादंबरी याच दिवसांत पुरी होते. फक्त यंत्र जपावे लागते. किंडल चालवण्यासाठी निर्मात्याने सांगितलेली मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअसची आहे आणि वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ पर्यंत जातो. टिनाच्या खोलीत, दुचाकीच्या डिकीत किंवा उन्हातल्या ट्रॅक्टरवर ते ठेवू नये. मातीच्या भिंतीचे जुने घर असेल तर आतल्या खोलीत ते सुखाने चालते.

मृग लागला आणि पेरणी सुरू झाली की वाचन जवळपास थांबते. ते थांबू द्यावे. या काळात अर्धवट राहिलेली कादंबरी पुढे हाती धरली तर पात्रांची नावे पुन्हा शोधावी लागतात. पेरणी आणि डवरणीच्या मधल्या दिवसांत कविता किंवा चारदोन ओव्या पुरतात. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये झड लागते. दोन-तीन दिवस पाऊस उघडत नाही, वावरात पाय टाकता येत नाही, वीज जाते. अशा वेळी मोबाइलची बॅटरी फोनसाठी राखून ठेवावी लागते आणि ई-रीडरचे खरे मोल कळते. मेमध्ये सुटलेले मोठे पुस्तक इथे पुन्हा उघडावे. दमट हवेत यंत्र कोरड्या कपड्यात गुंडाळून ठेवले म्हणजे झाले.

सोयाबीनची सोंगणी आणि मळणी या दिवसांत एकही पान होत नाही. त्यानंतर कापसाची वेचणी सुरू होते आणि रब्बीच्या ओलिताच्या रात्री येतात. शेतीची वीज पाळीने कधी दिवसा तर कधी रात्री मिळते. हरभऱ्यात स्प्रिंकलर लावला की पाइप हलवायची वेळ येईपर्यंत माणूस मोकळा असतो, पण जागा असावा लागतो. हा वाचनाचा विलक्षण चांगला वेळ आहे. थंडी, शांतता आणि कामातली ठरलेली फट. इथे तुकड्यातुकड्याने वाचता येईल असे पुस्तक हवे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसंगाप्रसंगाने पुढे जातात. कुठेही थांबले तरी धागा तुटत नाही. खामगाव आणि जळगाव जामोदला वकिली केलेल्या कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’ मधले विनोदी लेखही या मापाचे. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली आणि साने गुरुजींनी उतरून घेतलेली गीतेवरची अठरा प्रवचने छापील पुस्तकातून घ्यावी लागतात. एका रात्रीला एक प्रवचन नेमके पुरते.

जागलीचे तसे नाही. रानडुकरांपासून पीक राखायला मचाणावर बसणाऱ्याने ई-रीडर सोबत नेऊ नये, हा अनुभवाचा सल्ला आहे. पडद्याचा उजेड कितीही मंद ठेवला तरी त्यावरून नजर उचलल्यावर अंधारात दिसायला वेळ लागतो. कानही पुस्तकात गुंतलेले असतात आणि कळप तेवढ्यात तुरीत शिरतो. जागलीला रेडिओ किंवा कानावर पडणारी कथा बरी.

कापूस विकायला नेल्यावर पुलगाव किंवा आर्वीच्या बाजारात रांगेत जाणारे तास हीदेखील वाचनाची जागा आहे. उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही, ई-रीडर दिसतो. मात्र भाव, ओलावा आणि काटा यांकडे लक्ष ठेवायचे असते. जड पुस्तक इथे चालत नाही. आधी एकदा वाचून झालेले, आवडते पुस्तक इथे पुन्हा वाचावे.

यावरून यंत्रात किती पुस्तके ठेवावीत याचाही अंदाज येतो. १६ जीबीच्या साठ्यात हजारो पुस्तके मावतात आणि पहिल्या उत्साहात ती भरलीही जातात. मग रोज संध्याकाळी यादी वरखाली करण्यात अर्धा तास जातो आणि वाचन उद्यावर ढकलले जाते. चालू हंगामाचे एक लांब पुस्तक, फटीत वाचायचे एक तुटक पुस्तक आणि कधीही उघडावे असे एक आवडते, एवढी तीन पुढच्या पानावर ठेवून बाकीची संगणकात किंवा मोबाइलमध्ये राहू दिली तर निवड सोपी होते. हाती घेतलेले पन्नास पानांत रुचले नाही तर निःसंकोच बाजूला ठेवावे. छापील पुस्तकाला मोजलेले पैसे डोळ्यांसमोर असतात, खुल्या ई-पुस्तकात ते ओझे नाही. पुढचे पुस्तक चालू पुस्तक संपण्याआधीच उतरवून, पाने तपासून ठेवावे. सोंगणीच्या गडबडीत फाइल दुरुस्त करायला कुणाला सवड होत नाही.

काही वाचन या यंत्रात आणूच नये. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. पण त्याची रंगीत चित्रे आणि दोन स्तंभांची पाने काळ्यापांढऱ्या सहा इंची पडद्यावर मरगळतात. मुलांना ते मोठ्या पडद्यावर दाखवावे किंवा जुना अंक हाती द्यावा. कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकांतले फवारणीचे तक्ते, खतांच्या मात्रा, वाणांची कोष्टके ई-रीडरवर मोडतात, आणि मात्रेतला एक आकडा चुकीच्या रकान्यात वाचला गेला तर नुकसान पिकाचे होते. ते छापील ठेवावे, शक्य तर भिंतीवर चिकटवून. मराठी विश्वकोशाच्या नोंदी मोबाइलवर किंवा संगणकावरच सुटसुटीत उघडतात. दिवाळी अंकही कागदावरच घ्यावेत. ते घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीने वाचायचे असतात, आणि एकच ई-रीडर असलेल्या घरात ते जमत नाही.